रकान्यावरचं बोट

स्पर्धेच्या सभागृहाबाहेर पेअरिंगचा कागद लागला की पोरांची झुंबड उडते. आपलं नाव सापडायला दोन सेकंद, आणि नजर लगेच पलीकडे सरकते: समोरच्याचं रेटिंग किती? गेली आठ-नऊ वर्षं मी माझ्या विद्यार्थ्यांसोबत त्या कागदापाशी उभा राहतो, पटाचा नंबर आणि सोंगट्यांचा रंग वाचून दाखवतो आणि रेटिंगच्या रकान्यावर बोट ठेवतो. हल्ली तीच यादी सगळ्यांच्या मोबाइलवर असते. माझ्या बोटाने काही लपत नाही, हे मलाही कळतं. तरी ठेवतो. तो माझा आणि मुलांचा एक करार आहे, आणि तो माझ्या चुकीतून आलेला आहे.

२००३ साली मी सूसला राहायला आलो. नोकरी पिरंगुटला होती; सूसवरून नांदे, लवळे करत कामावर पोचणं सोयीचं पडायचं. गाव तेव्हा ग्रामपंचायतीचं होतं. २०२१ मध्ये ते पुणे महापालिकेत गेलं, पण टॉवर त्याच्या कितीतरी आधी उभे राहिले होते. नोकरीत असतानाच मी संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत मुलांना बुद्धिबळ शिकवायला लागलो. टॉवरमधली मुलं यायची, गावठाणातली यायची. काहींच्या घरी संगणक आणि दुसरा ऑनलाइन शिक्षक. काहींकडे पटसुद्धा नव्हता, ती माझ्याकडचा आठवडाभरासाठी घेऊन जायची. पटावर बसल्यावर हा फरक दिसेनासा होतो असं मी पूर्वी मोठ्या खात्रीने सांगत असे. आता सांगत नाही. फरक दिसतो, आणि सगळ्यात आधी तो त्या रकान्यात दिसतो, कारण रेटिंग मिळवायचं तर स्पर्धा खेळाव्या लागतात आणि प्रवेश फी, प्रवास, आईबापाची बुडालेली रोजी हे सगळं त्या आकड्याच्या मागे उभं असतं.

आमच्या तरुणपणी हा आकडा आमच्या वाट्यालाच आलेला नव्हता. आंतरराष्ट्रीय रेटिंग बावीसशेच्या खाली मिळतच नसे. त्यामुळे गावोगावच्या स्पर्धांत खेळणारे आम्ही सगळे बिनआकड्याचे. माणसाची ओळख त्याने कोणाला हरवलं यावरून ठरायची, आणि ती ओळख स्पर्धेच्या चहाच्या टपरीवर तयार व्हायची.

१९८६ साली मी सांगलीला खेळायला गेलो होतो. सांगली म्हणजे आम्हाला बुद्धिबळाचं माहेर. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं आणि पुढच्या पिढ्यांना खेळायला हक्काची जागा मिळाली. पुण्याहून रात्री निघालेली एसटी वाटेत बंद पडली. मी सभागृहात शिरलो तेव्हा माझं घड्याळ चालू होऊन वीस मिनिटं झाली होती. समोर कोण बसलंय हे विचारायला सवड नव्हती. बॅग खुर्चीखाली सरकवली आणि खेळायला लागलो. वजिराच्या बाजूचं एक प्यादं पुढे सुटलं, त्याच्यामागे हत्ती लावला, आणि बेचाळीस चालींत समोरच्या गृहस्थांनी हात पुढे केला. बाहेर आल्यावर टपरीवर कुणीतरी सांगितलं, मी कोणाला हरवलं ते. नाव सांगत नाही, पण पश्चिम महाराष्ट्रात ते नाव ऐकून आम्ही पोरं खुर्चीत नीट बसायचो.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच गृहस्थ समोर आले. या वेळी मला सगळं माहीत होतं. तेवीस चालींत हरलो. तो डाव मी आजही पटावर मांडू शकतो. माझी एकही चाल तशी मूर्खपणाची नाही, पण प्रत्येक चाल एक घर मागे घेतलेली आहे. उंट पुढे जायला हवा तिथे घरी परतलाय, प्यादं द्यायला हवं तिथे राखलंय. वर्षभरात त्यांचा खेळ काही बदललेला नव्हता. मीच आधीपासून हरून बसलो होतो.

हे मला तेव्हाच कळलं असतं तर पुढची गोष्ट घडली नसती.

शिकवायला लागल्यावर काही वर्षांनी माझ्याकडे एक अकरा वर्षांचा मुलगा होता. शांत, हिशेबी, डोळ्यांत तेल घालून खेळणारा. एका स्पर्धेत पहिल्या फेरीत त्याची गाठ एकोणीसशे रेटिंगच्या तरुणाशी पडली. पहिल्या फेरीत असं होतंच. या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. १८९५ मध्ये झुरिचला ती पहिल्यांदा वापरली गेली. यादी रेटिंगप्रमाणे लावायची, मधोमध तोडायची आणि वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी. शंभर खेळाडू असले तर पहिला एक्कावन्नाव्याशी. म्हणजे पहिल्या फेरीत प्रत्येक पटावर एक जण वरचा आणि एक खालचा. मी त्या मुलाला दारापाशी थांबवून सांगितलं, ‘‘मोठा खेळाडू आहे रे. बरोबरी मिळाली तरी आपण जिंकलो असं समज.’’

अडीच तासांनी तो धावत बाहेर आला. ‘‘सर, बरोबरी मिळाली!’’ मी त्याचा खांदा थोपटला आणि स्कोअरशीट हातात घेतली. वाचत गेलो तसा माझा हात थंड पडत गेला. एकतिसाव्या चालीला तो दोन प्याद्यांनी पुढे होता, समोरच्याचा राजा उघड्यावर होता आणि हत्ती सातव्या रांगेत घुसायला मोकळा होता. त्याच चालीपुढे त्याने कंसात बरोबरचं चिन्ह काढलं होतं. बरोबरीचा प्रस्ताव त्याने स्वतः दिला होता, आणि समोरच्याने तो क्षणात स्वीकारला होता.

मी त्याला विचारलं, तुला दिसत नव्हतं का? तो म्हणाला, ‘‘दिसत होतं. पण तुम्हीच म्हणाला होतात ना.’’

या वाक्यावर मी कितीतरी रात्री घालवल्या आहेत. मुलगा पुढे बरीच वर्षं खेळला, मला त्याने कधीच दोष दिला नाही. पण ज्या गोष्टीने मी सांगलीत मागे सरलो होतो, तीच मी अकरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात माझ्या हाताने ठेवली होती, आणि तीही मायेने. पुढच्या स्पर्धेपासून मी रकान्यावर बोट ठेवायला लागलो.

रेटिंग खोटं असतं असं माझं म्हणणं नाही. अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते. त्यांची पद्धत जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली, आणि ती इतकी वर्षं टिकली कारण ती मुळात प्रामाणिक आहे. दोघांत दोनशे गुणांचं अंतर असेल तर वरच्याने शंभरातले साधारण शहात्तर गुण मिळवावेत, एवढंच ती सांगते. उरलेले चोवीस खालच्याचे असतात, हेही तीच सांगते. आपण मात्र वाचताना शहात्तरावरच थांबतो.

शिवाय हा आकडा कालपर्यंतचा असतो. त्याचा अनुभव मला २०२४ च्या मार्चमध्ये आला. फिडेने रेटिंगची खालची मर्यादा एक हजारावरून चौदाशेवर नेली आणि दोन हजारांच्या खालच्या सगळ्यांना त्या प्रमाणात गुण वाढवून दिले. मी फेब्रुवारीत १६४० होतो, एक मार्चला १७८४ झालो. त्या रात्री मी झोपलो होतो. सकाळी वर्गातल्या मुलांना ते दोन आकडे फळ्यावर लिहून दाखवले आणि विचारलं, रात्रीतून माझा खेळ किती वाढला? वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटतं, माझ्या बोटापेक्षा त्या सकाळचा उपयोग जास्त झाला.

खालच्या रेटिंगचा खेळाडू जिंकतो तेव्हा तो कसा जिंकतो, हे मी वरच्याच्या खुर्चीत बसून शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी पुण्यातल्याच एका स्पर्धेत माझ्यासमोर तेरा वर्षांचा एक मुलगा होता. मी १७१०, तो १३८०. डाव अगदी समतोल झाला. दोघांनाही दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याच त्या चाली होऊ लागल्या. एकच स्थिती दोनदा आली. तिसऱ्यांदा आली असती तर बरोबरी. मी थांबलो. बरोबरी झाली तर माझे पाच-सहा गुण जाणार होते. शिवाय बाहेर ओळखीची माणसं उभी होती. पटावर जिंकण्यासारखं काही नव्हतं, पण मला जिंकायचं होतं. मी वेगळी चाल खेळलो. त्या चालीने माझ्या राजापुढचं एक घर कायमचं उघडं पडलं, आणि मुलाने ते शांतपणे वापरलं. पाच-सहाच्या जागी तेरा गुण गेले.

बहुतेक उलटफेर असेच होतात. खालच्या खेळाडूने जगावेगळी चाल शोधली आणि वरचा गारद झाला, असं क्वचित घडतं. जास्त करून डाव बरोबरीवर येऊन थांबतो आणि वरच्याला ते सोसवत नाही. पट सांगत असतो की इथे काही नाही, आणि आकडा सांगत असतो की असलंच पाहिजे. वरचा खेळाडू ज्या क्षणी आकड्याचं ऐकतो त्या क्षणी डाव फिरतो. पण तो फिरलेला डाव खालच्याला दिसायला हवा, आणि दिसल्यावर घ्यायचं धाडस हवं. माझ्या त्या मुलाला दिसला होता. धाडस मी काढून घेतलं होतं.

हरल्यावर काय करायचं, याचं उदाहरण मुलांना द्यायचं तर मी नाशिकच्या विदित गुजराथीचं देतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आइल ऑफ मॅनला सुरू झालेल्या ग्रँड स्विस स्पर्धेत विदित पहिल्याच फेरीत नेदरलँड्सच्या एर्विन लामीकडून हरला. लामीचं रेटिंग त्याच्याहून बरंच कमी होतं. अकरा फेऱ्यांच्या स्पर्धेत पहिला घास असा कडू लागला तर माणूस उरलेले दहा दिवस कुढत खेळतो. विदितने अकरापैकी साडेआठ गुण केले आणि ती स्पर्धा जिंकली. त्यातूनच तो कँडिडेट्ससाठी, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेसाठी, पात्र ठरला. एप्रिल २०२४ मध्ये टोरोंटोला झालेल्या त्या स्पर्धेत चित्र उलटं होतं: समोर हिकारू नाकामुरा, रेटिंग २७८९, विदित २७२७. दुसऱ्या फेरीत काळ्या सोंगट्यांनी खेळताना विदितने एच-३ च्या प्याद्यावर उंट टाकला आणि डाव जिंकला. नवव्या फेरीत त्याने नाकामुराला पुन्हा हरवलं. सहा महिन्यांत एकच माणूस दोन्ही खुर्च्यांत बसला. आइल ऑफ मॅनची पहिली फेरी तो कशी गिळून पुढे गेला असेल, याचं मला टोरोंटोच्या विजयाहून जास्त नवल वाटतं.

आणि नागपूरची दिव्या देशमुख. २८ जुलै २०२५, पहिला श्रावणी सोमवार. सकाळपासून पावसाची भुरभुर होती. अर्ध्या दिवसाची शाळा झालेली मुलं दुपारपासूनच माझ्या दारात. जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत होती, दिव्या विरुद्ध कोनेरू हंपी. आधीचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले होते, त्या दिवशी जलद डावांचा टायब्रेक. माझ्या लॅपटॉपवर पट दिसत होता आणि त्याच्या कडेला संगणकाची ती पट्टी, क्षणाक्षणाला कोण पुढे आहे सांगणारी. मी तिच्यावर कागद चिकटवला. मुलं थोडी रुसली.

हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाल्या तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. २०२५ च्याच एप्रिलमध्ये पुण्यात झालेल्या महिलांच्या ग्रँड प्रीमध्ये हंपी पहिल्या आल्या होत्या आणि दिव्या तिसरी. बाटुमीत हंपींना चौथं मानांकन, दिव्याला पंधरावं. रेटिंग २५४३ आणि २४६३. हे सगळं मी मुलांना सांगितलं नाही, पण त्यांना पाठ होतं. दिव्या तिथवर आली होती तीच मुळी वरच्यांना ओलांडत. दुसऱ्या मानांकनाच्या झू जिनरला तिने टायब्रेकमध्ये हरवलं, मग भारताच्याच हरिका द्रोणवल्लीला, मग माजी जगज्जेत्या तान झोंगयीला १०१ चालींच्या डावात.

पहिला जलद डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळ्या सोंगट्या. डाव हत्ती-प्याद्यांच्या शेवटावर आला आणि दोघींच्या घड्याळात मोजकी मिनिटं उरली. कागद चिकटवलेला असल्याने आम्हाला कोण पुढे आहे ते कळत नव्हतं. आम्हालाच विचार करावा लागत होता. माझ्या खोलीत अकरा मुलं गुडघ्यांवर बसून हत्ती कुठे न्यायचा यावर भांडत होती. नंतर पाहिलं तेव्हा समजलं, त्या शेवटात जिंकण्याची संधी दिव्याच्या हातून एकदा निसटली होती. डाव परत बरोबरीकडे गेला होता आणि मग हंपींकडून शेवटची चूक झाली. खेळताना तिला यातलं काहीच सांगायला कुणी नव्हतं. निसटलेलं मागे टाकून ती पुढची चाल शोधत राहिली. हंपींनी डाव सोडला, दिव्या उठून आईला बिलगली आणि रडली. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म हाती नसताना ती त्या स्पर्धेत उतरली होती. जिंकल्यामुळे तो किताब तिला थेट मिळाला आणि ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली.

माझ्या खोलीत त्या मुलांमध्ये एक बारा वर्षांची मुलगी होती. गावठाणातली, वडील पाण्याचा टँकर चालवतात. बाकीची मुलं ओरडत असताना ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, ‘‘सर, ऐंशीचाच फरक होता. ऐंशीला एकसष्ट-एकोणचाळीस असतं.’’ एलोंच्या पद्धतीचा तो शहात्तर-चोवीसचा तक्ता तिला पाठ होता. म्हणजे मी फळ्यावर लिहिलेलं तिने पुढपर्यंत वाचलं होतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिला आणि आणखी चौघांना एका स्पर्धेला नेलं. पहिली फेरी. तिचं रेटिंग १४३७. समोर पन्नाशीचे एक गृहस्थ, १९०४. मी रकान्यावर बोट ठेवलं. तिने मान वळवली आणि म्हणाली, ‘‘तेरावा पट, काळ्या.’’

प्रशिक्षकाला आत थांबता येत नाही, पण त्या सभागृहाला काचेचं दार होतं आणि तेरावा पट दाराजवळ होता. मी अडीच तास उभा राहिलो. सव्विसाव्या चालीच्या सुमारास मला ओळखीचं काहीतरी दिसलं. गृहस्थांचा वजीर एका घरातून दुसऱ्या घरात आणि परत. तिचा हत्ती तसाच. एक फेरा, दुसरा फेरा. मग गृहस्थ थांबले. कपाळाला हात लावून तब्बल एकोणीस मिनिटं. त्यांच्या डोक्यात काय चाललंय हे मला काचेबाहेरून अक्षरशः ऐकू येत होतं, कारण तो माझाच जुना विचार होता. मनातल्या मनात मी त्यांना म्हणत होतो, घ्या हो बरोबरी. माझी विद्यार्थिनी समोर असूनही म्हणत होतो. त्यांनी राजापुढचं प्यादं जी-३ वरून जी-४ वर ढकललं.

तिने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. ही सवय मी लावलेली: विचार पुरा होईस्तोवर हातावर बसायचं. सहा मिनिटांनी तिचा घोडा एफ-४ वर आला. तिथून त्याला हुसकायला आता एकही प्यादं शिल्लक नव्हतं. मग वजीर त्याच्या जोडीला. चौतिसाव्या चालीला गृहस्थ तिच्याकडे बघून काहीतरी बोलले. त्यांनी बरोबरी मागितली होती. तिने स्कोअरशीटवर ते चिन्ह नोंदवलं. पट पाहिला. माझा जीव त्या काचेला चिकटला होता. तिने उत्तर दिलं नाही, पुढची चाल खेळली. नियमात तेच उत्तर असतं. एकेचाळिसाव्या चालीला त्यांनी घड्याळ थांबवून हात पुढे केला.

तिला छत्तीस पूर्णांक आठ गुण मिळणार होते, ते तिनेच बाहेर येऊन सांगितलं. पण ती लगेच बाहेर आली नव्हती. गृहस्थांनी तिला शेजारच्या खोलीत बसवून सोंगट्या पुन्हा मांडल्या होत्या. मी गेलो तेव्हा ते एका स्थितीवर बोट ठेवून तिला विचारत होते, ‘‘बाळ, मी इथे घोडा मागे घेतला असता तर तू काय बघितलं होतंस?’’ आवाजात कडवटपणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ती सांगत होती, आणि ते माना डोलावत ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी पाचव्या फेरीत ती हरली. समोर नऊ वर्षांचा एक मुलगा, ज्याच्या रकान्यात शून्य. रेटिंग नसलेल्याशी झालेला डाव तिच्या रेटिंगच्या हिशेबात धरलाच जात नाही. कागदावर तो पराभव उमटणार नव्हता. ती बाहेर आली, माझ्याशी बोलली नाही, जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. वडिलांचा फोन आला, तो तिने माझ्याकडे दिला. मी बोलून वळलो तर ती पिशवीतून पट काढून सोंगट्या मांडत होती. तो मुलगा आईचा हात धरून जिना उतरत होता. तिने त्याला थांबवलं, पटावरच्या एका घरावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘इथे तू काय बघितलं होतंस?’’

मुलाने आईचा हात सोडला आणि तिच्यासमोर पायरीवर बसला.